लालबागच्या चाळीतून कांदाचाळीत



दोन आठवडे नोंद टाकली नाही. कांद्याची लागण चालू होती, आणि मध्ये तीन दिवस मुंबईचे पाहुणे होते. आजची नोंद पिकावर कमी आणि पोरांवर जास्त आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. यातली एक गोष्ट लिहायची मला लाज वाटत होती. दोनदा लिहून खोडली, तिसऱ्यांदा ठेवलीय.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लालबागला असते. वडील तिथल्याच एका गिरणीत होते. जुन्नर-आंबेगावकडची किती तरी माणसं तेव्हा परळ-लालबागला असायची. गावकीची एक खोली, खोलीत ज्याची त्याची ट्रंक आणि वळकटी, आणि पाळीप्रमाणं झोप. एक उठून कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडिलांनी वर्षभर वाट पाहिली आणि वळकटी घेऊन गावी आले, ते शेतीतच राहिले. आक्काचं लग्न तोवर तिकडंच झालं होतं, ती लालबागची झाली.

डिसेंबरात मार्गशीर्षातल्या गुरुवारासाठी झेंडू घेऊन दादरच्या फूलबाजारात गेलो होतो. रात्री टेम्पो भरला, पहाटे चारला दादर. आठपर्यंत माल संपला. मग सवयीप्रमाणं आक्काकडं. आंघोळ, चहा, आणि टेकतोय तोवर भाची म्हणाली, "मामा, हुरड्याला येतो तेव्हा पोरांना तुमच्या शेतात तंबूत झोपवायचंय."

जावईबापूंनी तंबू आणूनसुद्धा ठेवलेला. पोरं दोन. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी पावणेदोन. दोघांनी आजवर चार भिंतींबाहेर रात्र काढलेली नाही. मी म्हटलं, या की, शेत काय पळून चाललंय?

आक्का म्हणाली, "आधी इथं गच्चीवर झोपून बघा. इथं जमलं तर तिथं जमेल."

त्याच रात्री चाळीच्या गच्चीवर तंबू लागला. नऊला दोघं झोपली. अकराला थोरला उठून बसला. "पंखा कुठंय?" थंडीचे दिवस, उकाडा नाही. त्याला वारा नको होता, आवाज पाहिजे होता. जन्मापासून पंख्याच्या घरघरीत झोपलेलं पोर. खाली रस्त्यावर गाड्या, उड्डाणपुलावर गाड्या, त्यानं काही होत नव्हतं, पण पंखा नाही म्हटल्यावर झोप गेली. त्याच्या रडण्यानं धाकटी उठली. दीड वाजता सगळं बिऱ्हाड खाली खोलीत.

जावईबापू नाराज झाले. मला वाटलं, बरं झालं. इथं जिना उतरला की खोली आहे. शेतात रात्री दीडला काय केलं असतं?

गावी आलो आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली. खरं तर तीच पहिली यायला पाहिजे होती. माझं शेत ओतूरच्या अलीकडं. जुन्नर तालुका म्हटला की पुढचं सांगायला नको. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याची मादी पिल्लं घालते ती उसातच, आणि त्या पिल्लांना ऊस हेच जंगल. जानेवारीत तोड चालू असते, एक फड मोकळा झाला की जनावर दुसऱ्या फडात सरकतं. संध्याकाळी आणि पहाटे त्याचा वावर जास्त. वाकलेलं माणूस किंवा लहान पोर त्याच्या नजरेला शेळी-कुत्र्याएवढंच दिसतं. वनखात्याची माणसं गावोगाव सांगतात, उघड्यावर झोपू नका, अंधारात पोरांना एकटं सोडू नका. आम्ही ऐकतो, मान हलवतो. आणि मी भाचीला म्हणालो होतो, या की.

फोन केला. म्हटलं, तंबू उघड्यावर लागणार नाही. तंबूचं कापड म्हणजे बिबट्याला पडदा. भाची काही बोलेना. पोरांना रोज तंबूच्या गोष्टी सांगून झाल्या होत्या.

मग कांद्याला पाणी धरताना रिकामी कांदाचाळ समोर दिसली. आपल्याकडं जानेवारीत ती मोकळीच असते. जुना कांदा दिवाळीपर्यंत संपतो, नवा यायला एप्रिल. माझी चाळ दुपाखी आहे, मधली वाट सात फूट ठेवलेली, ट्रॉली आत लावता यावी म्हणून. वर पत्रा, दोन्ही बाजूंना पट्ट्या, हवा खेळती, तळ जमिनीपासून दोन फूट उचललेला. दोन्ही टोकांना जाळीची दारं बसवली की आत तंबू मावतो, आणि पोरांना पट्ट्यांतून चांदण्याही दिसतात.

जावईबापूंना सांगितलं तर हसले. "मामा, म्हणजे चाळीतून निघायचं आणि चाळीतच यायचं?"

म्हटलं, होय. फक्त ही सरकारी अनुदानाची आहे.

चाळ साफ करायला चार दिवस गेले. कांद्याची टरफलं झाडून काढली, खालची घाण उपसली, कारण टरफलात उंदीर आणि उंदरामागं साप. कोपऱ्यात मागच्या हंगामातल्या उंदराच्या औषधाच्या दोन पुड्या सापडल्या, त्या उचलल्या. साठवणीआधी बुरशीनाशक फवारलेलं असतं म्हणून तळ दोनदा धुतला. दोन्ही दारांना वेल्डरकडून जाळी आणि आतून कडी.

मग एक वेडेपणा केला. पोरं येणार म्हणून शेतात गुडघ्यावर बसून फिरलो. अक्षरशः रांगलो. बायको म्हणाली, "झालं, म्हातारपणी रांगायला लागले." पण मंडळी, एकदा करून बघाच. पस्तीस वर्षं ज्या बांधावर चालतोय तो मी दोन फुटांवरून कधी पाहिला नव्हता.

शेततळ्याला तारेचं कुंपण आहे. उभं राहून पाहिलं तर चोख. रांगताना दिसलं, एका कोपऱ्यात माती वाहून तारेखाली दीड फुटाचं भगदाड पडलंय. पावणेदोन वर्षांचं पोर तिथून न वाकता आत जाईल. आणि शेततळ्याचा कागद ओला झाला की पट्टीचा पोहणारासुद्धा वर येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दोर सोडलेला होता, पण तो पाण्याच्या वर चार हात. तूर कापलेल्या पट्ट्यात तिरपे खुंट उभे, अगदी पोराच्या डोळ्याच्या उंचीला. मोटारीच्या पेटीचं दार तारेनं बांधलेलं, ती तार सुटलेली. खुरपी, कोयते ओट्याच्या कडेला, जिथं आपल्याला वाकावं लागत नाही तिथं.

सगळं आवरलं. भगदाड दगडमातीनं बुजवलं, दोर पाण्यापर्यंत सोडला, टायर बांधला. खुंट उपटले. कांद्यावरची फवारणी आठवडाभर थांबवली. जरा छातीही फुगली माझी. वाटलं, आता या.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी होती. शनिवारी परळच्या डेपोतून एसटीनं निघाले, माळशेज चढून दुपारी पोहोचले. पोरांना मोकळं सोडलं. माझा नातू चार वर्षांचा, तो त्यांना गोठा दाखवायला घेऊन गेला. आम्ही मोठे पाच पावलांवर चहा पीत होतो.

गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागं भिंतीत कोनाडा आहे. थोरल्याचा हात तिथं गेला. कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली, आत पिवळट पाणी. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि झाकण फिरवायला लागला. नातू त्याला शांतपणे म्हणाला, "ते नको पिऊ. कडू लागतंय."

चहाचा कप माझ्या हातातून सुटला. बाटली हिसकावून घेतली. पोर रडायला लागलं. मग बायकोनं नातवाला जवळ घेतलं आणि विचारलं, "कडू लागतंय हे तुला कसं माहीत?"

त्यानं जीभ बाहेर काढली आणि बोटानं टोक दाखवलं. "इथं लावलं होतं. थुंकलं मग."

कधी?

"काल."

चार वर्षांच्या पोराचं काल म्हणजे काल असतं, दिवाळी असते, गेला पावसाळाही असतो. आम्ही घरातली चार मोठी माणसं. कुणालाही माहीत नव्हतं.

जावईबापूंनी विचारलं, "मामा, काय आहे त्यात?" मंडळी, मला सांगता आलं नाही. लेबल नाही. मागच्या वर्षी टोमॅटोला मारलेलं उरलं असेल, नाहीतर घेवड्याचं. अर्धं औषध उरलं, मूळ डबा फुटला म्हणून ओतून ठेवलेलं. ओतलं मीच, ठेवलं मीच. कुणाला दोष देऊ?

तसंच नातवाला घेऊन ओतूरला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी डोळे, छाती, पोट सगळं तपासलं. पोर ठीक होतं. मग त्यांनी मला बसवून सुनावलं. लाळ गळणं, घाम, उलट्या, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, धाप लागणं, असं काही दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही. घरी उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवायचं, १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना. आणि औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्यायचा, कारण कुठलं विष हे कळल्याशिवाय उतारा ठरवता येत नाही. "तुमच्या बाटलीला लेबलच नाही," ते म्हणाले, "मी कशाला उतारा देणार होतो?"

परत येताना नातू पुढं टाकीवर बसला होता, हॉर्न वाजवत. मी रस्ताभर एकच विचार करत होतो. पाहुण्यांच्या पोरांसाठी मी चार दिवस शेत आवरलं, गुडघ्यावर रांगलो. हा चार वर्षं याच शेतात वाढतोय. याच्यासाठी मी एकदाही रांगलो नव्हतो.

भाची परत निघेल असं वाटलं होतं. निघाली नाही. म्हणाली, "मामा, आमच्या खोलीत फिनेल पाण्याच्या बाटलीतच असतं."

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत धनगराच्या वाड्यावर गेलो. शेजारच्या टोमॅटो काढलेल्या रानात मी दरवर्षी मेंढ्या बसवतो. लेंडी आणि मूत जागेवर पडतं, वाहतूक नाही, पसरणं नाही. पुढं कांद्याला फरक दिसतो. बदल्यात बाजरी आणि रोख. पारनेरकडचं बिऱ्हाड आहे, दिवाळीनंतर निघतं, पावसाळ्याला परत जातं. वाड्यावर दोन वर्षांचं एक पोर आणि एक अंगावर पिणारं.

भाची बघतच राहिली. आपण एका रात्रीसाठी महिनाभर तयारी करतोय आणि ही बाई सहा महिने रोज नव्या रानात पोरं झोपवते. तिची मांडणी मात्र ठरलेली. मधोमध पोरं आणि कोकरं, त्यांच्याभोवती माणसं, मग जाळीतल्या मेंढ्या, सगळ्यात बाहेर कुत्री. रात्रभर एक सौरदिवा चालू. दिवस बुडाला की पोर जाळीबाहेर जात नाही. परसाकडं जायचं तरी दोघांनी आणि बत्ती घेऊन.

पोराच्या कमरेला घुंगरू होतं. ते हललं की आवाज. बाई भाकरी थापत होती, वर बघतसुद्धा नव्हती, पण आवाज थांबला की हात थांबायचा.

धाकटीच्या पायाकडं बघून ती म्हणाली, "लेकीचं वाळं काढलं व्हय? मग पोर कुठं हाय ते कसं कळतं तुम्हास्नी?"

भाची म्हणाली, "आमच्या घरात दहा बाय बाराची एकच खोली आहे, मावशी."

"मग हितं काढू नका."

रात्री घरात भाजीभाकरी झाली. हुरडा सकाळी ठेवला होता. जावईबापूंची इच्छा होती की तंबूत शेगडी ठेवावी, कारण पारा दहाच्या आसपास. मी सरळ नाही म्हटलं. बंद जागेत कोळसा धुमसला की विषारी वायू साठतो. वास येत नाही, धूर दिसत नाही, झोपेतच माणूस जातो. तंबू काय, खोलीचं दार लावून शेगडी ठेवणंही तसंच. त्याऐवजी खाली आधी गोणपाट, त्यावर ताडपत्री, मग गोधड्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. भाचीनं धाकटीला तीन स्वेटर चढवले होते. बायकोनं तिच्या मानेला मागून हात लावला, घामानं ओली. म्हणाली, "हातपाय गार लागले म्हणून घालत जाऊ नको. मानेला हात लावून बघ." एक स्वेटर काढला, पोर शांत झालं.

जाळीच्या दाराला आतून कडी. एक दिवा बाहेर, एक आत. मीही चाळीच्याच वाटेत पथारी टाकली.

साडेअकराला थोरला उठला. मी वाटच बघत होतो. "पंखा कुठंय?" इथं तर गच्चीवरच्यापेक्षा वाईट. रातकिडे, लांब कुठं तरी कुत्रं, मध्येच टिटवी. या सगळ्याला आपण शांतता म्हणतो. त्याला ती शांतता लागत होती. भाची त्याला मांडीवर घेऊन तोंडानंच पंख्याचा आवाज काढत बसली.

त्या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईट रात्री होती. बाराला थ्री फेज आली. उठलो, बूट घातले, बॅटरी घेतली, मोबाईलवर मोठ्यानं भजन लावलं, शेजाऱ्याला हाक मारली. एकट्यानं जायचं नाही, एवढं तरी आम्ही पाळतो.

पोर म्हणालं, "आजोबा, कुठं चाललात?"

"कांद्याला पाणी द्यायला."

"बाहेर बिबट्या आहे ना?"

"आहे."

"मग सकाळी द्या ना."

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर माझ्याकडं नव्हतं. कडी काढली आणि बाहेरून पुन्हा लावायला सांगून गेलो.

विहिरीवर मोटार चालू केली. लागण झालेल्या कांद्याला पहिलं पाणी देऊन तीन दिवस झाले होते, आंबवणी चुकवून चालणार नव्हतं. चार वाजेपर्यंत वाफे भिजवले. परत आलो तर दोन्ही पोरं गाढ झोपलेली. भाची जागी होती, म्हणाली, "मोटार सुरू झाली आणि दहा मिनिटांत झोपला. पंख्यासारखीच घरघर आहे."

सकाळी हुरडा. फुले मधुर आणि थोडी जुनी गुळभेंडी. आगटीभोवती दगडांचं कडं केलं, पोरांनी कड्याच्या आत यायचं नाही. आगटी विझल्यावर राख तासन् तास आतून लाल असते, म्हणून वर पाणी मारून माती टाकली. मोठ्यांना शेंगदाण्याची चटणी आणि दही. धाकटीला अख्खा हुरडा दिला नाही, हातावर कुस्करून दुधात मऊ करून दिला. एवढ्या पोरांना अख्खे शेंगदाणे, हरभरे देऊच नका. श्वासनलिकेत अडकतात, आणि शेतात हसता-पळताना तर हमखास.

दुसऱ्या रात्री कुणी उठलं नाही. लाईट वेळेवर आली होती.

पाहुणे गेले. आता त्यानंतर काय केलं ते लिहितो, म्हणजे ही नोंद नुसती गोष्ट होणार नाही.

एक, औषधांसाठी पत्र्याची पेटी आणली, भिंतीत पाच फुटांवर ठोकली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या करगोट्याला. घराच्या, चाऱ्याच्या, पेंडीच्या जवळ औषध ठेवायचं नाही.

दोन, औषध मूळ डब्यातच. कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या, तेलाच्या बाटलीत एक थेंबसुद्धा नाही. लागतं तेवढंच विकत घ्यायचं, उरवायचं नाही. लेबलावरचा त्रिकोण बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे पोराच्या हाती द्यायला चालतं असं नव्हे.

तीन, रिकामा डबा तीनदा धुवून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, डबा भोक पाडून निकामी करायचा. त्यात पाणी, दूध, बियाणं काही भरायचं नाही.

चार, ती कोनाड्यातली बाटली मी ओढ्यात ओतली नाही. वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून पेटीत बंद केली आहे. कृषी खात्याची माणसं येतील तेव्हा तिचं काय करायचं ते विचारणार. इथले कोणी जाणकार असतील तर त्यांनीही सांगावं.

पाच, दर अमावास्येला शेततळ्याचं कुंपण गुडघ्यावर बसून बघायचं. अमावास्या एवढ्यासाठी की विसरत नाही.

नातवाच्या पायात आजीनं घुंगरू बांधलं. त्याला राग आला. मी काय बाळ आहे का, म्हणतो. दोन दिवसांत तोडून टाकेल असं दिसतंय. म्हणून पेटीचं कुलूप आधी लावलं, घुंगराचा भरवसा नंतर.

तुमच्याकडं उरलेलं औषध कुठं असतं? आत्ता लगेच उठून बघा आणि मग लिहा. कांद्याची नोंद पुढच्या आठवड्यात.

राम राम.